या घरात पाहुणं कोणी नाही

परदेशी माणसाशी लग्न करून परक्या देशात संसार मांडलेली एखादी तरी मराठी मुलगी आता प्रत्येक गोतावळ्यात सापडते, आणि तिच्यावरून होणारा वादही सापडतो. एक बाजू म्हणते, देश तसा वेश. तिकडे गेलीस ना, मग तिकडची हो. दुसरी म्हणते, जायचं तिथे जा, पण आपले संस्कार सोडू नकोस. लग्नाच्या पंगतीत, मंडळाच्या गणपतीत, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की दोन्हीकडची पुढची वाक्यं पाठ झाली आहेत. तिने मंगळसूत्र काढून ठेवलं का, सासूला नावाने हाक मारते का, ताटात काय काय चालतं, मुलाला मराठी येतं का. वाद तावातावाने होतो आणि तो ऐकताना मला वाईट वाटतं, कारण एकमेकींवर तुटून पडणाऱ्या या दोन्ही बाजू उभ्या आहेत एकाच जागी. तपासणी करायची ती त्या मुलीची, याबद्दल दोघींचं एकमत आहे. ती किती बदलली हे मोजायचं. मग एकाने त्याला यश म्हणायचं, दुसऱ्याने घसरण.

मी स्वतः जर्मनीत, स्टुटगार्टच्या जवळ, एका श्वाबी, म्हणजे जर्मनीच्या या नैर्ऋत्य भागातल्या, कुटुंबात लग्न करून आले. त्यामुळे उदाहरणं बरीचशी इथली देईन, पण माझं म्हणणं इथल्यापुरतं नाही. उंबऱ्याबाहेरची रीत त्या देशाची असते. नव्याने येणाऱ्याने ती मनापासून आणि पूर्ण शिकावी, तिच्यात घासाघीस करू नये. उंबऱ्याच्या आतली रीत मात्र कुठल्याच देशाची नसते. ती दोघांनी बसून ठरवायची असते, कारण एक जण तिथे जन्मला म्हणून तो घरचा आणि दुसरी लांबून आली म्हणून ती पाहुणी, असं लग्नात होत नाही. आणि ठरवताना 'ही कोणाची संस्कृती' हा प्रश्न नंतर यावा. आधी विचारावं ते हे, की ही रीत पाळण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला जाणार?

'देश तसा वेश' म्हणणाऱ्यांचं आधी घेते, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आपल्याकडे पुरेसं मान्य केलं जात नाही. आमच्या भागात भाड्याच्या इमारतींमध्ये जिना झाडण्या-पुसण्याची पाळी असते. तिला केअरवोखे म्हणतात. पाळी आली की शेजारी दाराच्या मुठीला एक छोटी पाटी अडकवून जातो, आणि आठवडा संपला की आपण ती पुढच्या दारावर नेऊन अडकवायची. मधल्या दिवसांत जिना, कठडा, तळघराकडे जाणारा बोळ हे सगळं आपल्याकडे. काही इमारतींत समोरचा पदपथही. ही पद्धत इथे या ना त्या रूपात पंधराव्या शतकापासून चालत आली आहे आणि आज ती भाडेकरारात लिहिलेली असते. रविवारचंही तसंच. दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल लावायचं नाही. रविवारची विश्रांती इथल्या राज्यघटनेतच आहे. 1919च्या वायमार घटनेतलं ते कलम 1949च्या घटनेने जसंच्या तसं आपलंसं केलं. शिवाय लहानसहान गोष्टी शेकडो. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. केक ज्याचा वाढदिवस त्यानेच ऑफिसात न्यायचा. कागद, वेष्टनं, ओला कचरा आणि उरलेला कचरा यांचे डबे वेगळे. 'आमच्यात असं नसतं' हे उत्तर इथे चालणार नाही, आणि का चालावं? जिना सगळ्यांचा आहे. त्यावरून शेजारची सत्तरीतली बाईसुद्धा चढते-उतरते आणि तिची पाळी ती चुकवत नाही.

भाषेचं तर याहून महत्त्वाचं. 2007पासून जर्मनीतल्या जोडीदाराकडे येऊ पाहणाऱ्याला बहुतेक वेळा व्हिसाच्या आधीच ए-वन या सगळ्यात पहिल्या पातळीची जर्मन परीक्षा द्यावी लागते. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात कितीतरी मुली लग्नाच्या खरेदीच्या धांदलीत तो अभ्यास उरकतात. पण ए-वनवर पाव विकत घेता येतो; पोटात कळ येते आहे की नुसतं जड वाटतं आहे, हे डॉक्टरला सांगता येत नाही. बँकेतलं पत्र वाचता येत नाही, शाळेतल्या पालकसभेत तोंड उघडता येत नाही. त्यात इथल्या कायद्याप्रमाणे जोडीदार म्हणून मिळालेला राहण्याचा परवाना सुरुवातीला त्या लग्नालाच बांधलेला असतो. स्वतःच्या बळावर इथे राहण्याचा हक्क साधारणपणे तीन वर्षं एकत्र राहिल्यावर मिळतो. म्हणजे जी मुलगी भाषा शिकत नाही, ती त्या तीन वर्षांत नवऱ्याच्या तोंडून बोलते, नवऱ्याच्या डोळ्यांनी वाचते. दैव बरं असेल तर निभावतं, नसेल तर पोलिसांना फोन करण्याइतकेही शब्द तिच्याकडे नसतात. म्हणून 'जर्मन शिकता शिकता ती मराठी विसरेल' असं कोणी म्हणालं की मला राग येतो. तिने जर्मन शिकलंच पाहिजे. तिच्या स्वातंत्र्याची सुरुवात तिथून होते.

इथवर माझा या बाजूशी काही वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या पावलावर. जिन्यावर इथली रीत, म्हणून स्वयंपाकघरातही इथलीच. ऑफिसात इथली रीत, म्हणून बाळाच्या पाळण्यापाशीही इथलीच. हे 'म्हणून' कुठून आलं? इथे संध्याकाळी बहुतेक घरांत चूल पेटत नाही. लाकडाच्या छोट्या पाट्या मांडतात, त्यांवर कापलेला पाव, लोणी, दोन-तीन प्रकारचं चीज, सॉसेज, आंबवलेली काकडी, मुळ्याच्या चकत्या. साडेसहाला बसून सातला आवरलं. मला ही पद्धत आवडते; दिवसभर राबून आल्यावर कोणाला ओट्याशी उभं राहावं लागत नाही, यात शहाणपण आहे. पण त्याच टेबलावर एखाद्या मंगळवारी मी गरम वरणभात मांडला, की जेवणाला नाव मिळतं: आज भारतीय जेवण. पावाला नाव नसतं. पाव म्हणजे नुसतं जेवण. बहुसंख्यांची सवय अशीच स्वतःला सवय म्हणवून घेत नाही, ती निसर्गनियमासारखी बसून राहते. दुसऱ्याची सवय तेवढी संस्कृती ठरते आणि मग तिला परवानगी लागते. हिंगाच्या फोडणीचा वास पडद्यांना बसतो, अशी तक्रार मी ऐकली आहे, आणि त्याच घरात महिनाभर मुरलेलं चीज फ्रिज उघडताच साऱ्या खोलीत दरवळत असतं, त्याची तक्रार कोणालाच सुचत नाही. खिडकी दोन्हींसाठी उघडावी लागते.

यावर समजूतदार माणसं एक बळकट मुद्दा मांडतात. म्हणतात, तत्त्व ठीक आहे, पण परिस्थिती समसमान नाही. दुकानात मिळणार ते इथलं, सासूसासरे दोन गावं पलीकडे आणि आईवडील सहा-सात हजार किलोमीटरवर, मुलं जाणार इथल्या शाळेत. पाणी उताराकडे वाहणारच. मग समान वाटणीचा हट्ट म्हणजे रोजची कटकट नाही का? परिस्थितीचं हे वर्णन मला शब्दशः मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. रस्ता त्याच्या बाजूचा, ऑफिस त्याच्या बाजूचं, भाषा, कायदा, नातेवाईक, टीव्ही, शाळेची सुट्टी सगळं त्याच्या बाजूचं. आणि ती मात्र सकाळी दार ओढून बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत दुसऱ्यांच्या रीतीने वागून येते. मग उंबऱ्याच्या आत तरी कोणी जास्त सरकावं? ज्याच्यासाठी सगळं जग आधीच सरकलेलं आहे, त्याने. घरात निम्मी वाटणी मागणं हा हट्ट तर नाहीच, उलट दिवसाचा हिशेब पाहिला तर ती मागणी कमीच आहे.

शिवाय 'देश तसा वेश' हा नियम आपण खरंच देशाला लावतो का, हे तपासून पाहावं. जर्मन सून कोथरूडला नांदायला आली तर तिने आपलं शिकावं, इथपर्यंत नियम टिकतो. पण मराठी मुलगा जर्मन मुलीशी लग्न करून म्युनिकला राहिला, तर त्याला कोणी म्हणतं का की बाबा, आता तू पूर्ण तिकडचा हो? तो तिकडचा झाला तर तिने त्याला तोडला, असं बोललं जातं. म्हणजे नियम देशाचा नव्हता, नवऱ्याचा होता. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे देशोदेशी भटकत मेक्सिकोला पोचले, तिथल्या चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले, आणि तिथे त्यांनी एका बेल्जियन स्त्रीशी लग्न केलं. स्वातंत्र्यानंतर ते कुटुंब नागपूरला आलं. मेक्सिकोतल्या त्या घरात कोणाचा देश आणि कोणाचा वेश? तिथे दोघंही परकी होती, त्यामुळे दोघांनी मिळून ठरवण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. मग एक जण त्या मातीतला निघाला की ठरवण्याचा हक्क दुसऱ्याकडून आपोआप कसा काढून घेतला जातो?

आता संस्कारवाल्यांकडे वळते. त्यांचं दुःख खरं आहे आणि मी ते हलकं मानत नाही. नातवंडाला आजीशी बोलता येत नाही, हे दुःख जगातल्या कुठल्याही वाटणीने भरून निघत नाही. पण या बाजूने आधी आपल्याच घराकडे नीट पाहावं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचं नवं नाव लिहायचो आपण. आडनाव नव्हे, नाव. वीस वर्षं ज्या नावाने आईने हाक मारली ते एका दुपारी मिटवून दुसरं ठेवायचं, आणि संध्याकाळपासून तिने त्याला 'ओ' द्यायची. कोकणातली मुलगी घाटावर दिली की नारळ सुटायचा, शेंगदाण्याचं कूट आणि बाजरी सुरू व्हायची. नागपूरची पुण्याला आली की तिच्या बोलण्याला हसायचं, ती बोली बदलेपर्यंत हसायचं. देवघरातले देव बदलायचे, कुळाचार बदलायचा, कुंकू लावण्याची तऱ्हासुद्धा सासरची. 'तिथे गेलीस की तिथली हो' हाच उपदेश पाठवणीच्या वेळी डोळ्यांत पाणी आणून केला जात असे, आणि जी मुलगी सगळ्यात लवकर विरघळली ती सगळ्यात गुणी ठरत असे. शतकानुशतकं मुलींना वाकायला शिकवलं. आता त्यांच्यातली एखादी साताऱ्याऐवजी स्टुटगार्टला गेली आणि शिकवल्याप्रमाणे वाकली, तर तिने संस्कृती बुडवली?

कोणी म्हणेल, ते सगळं आपल्यातल्या आपल्यात होतं; धर्म तोच, भाषा तीच. तर मग उलट दिशेचं उदाहरण घेऊ. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 1920 साली एडिथ कोन या जर्मन ज्यू वंशाच्या स्त्रीशी लग्न केलं. लग्नासाठी व्रात्यस्तोम विधी करून तिला हिंदू करून घेतलं गेलं आणि तिची शीलवती झाली. नाव गेलं, धर्म गेला, अन्न बदललं, पेहराव बदलला; ती मराठी शिकली, मराठीत लिहू लागली, ज्ञानकोशाच्या ओढगस्तीच्या संसारात उभी राहिली. विंटरनिट्झ यांचा भारतीय साहित्याचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला तो याच बाईंनी. कलकत्ता विद्यापीठाने काढलेल्या त्या ग्रंथावर अनुवादक म्हणून 'श्रीमती एस. केतकर' असं नाव आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह मदाय द मारोस यांनी 1932 साली विक्रम खानोलकरांशी लग्न केलं, त्या सावित्रीबाई झाल्या, संस्कृत आणि मराठी शिकल्या, आणि पुढे परमवीर चक्राची रचना त्यांच्या हातून झाली. या दोघींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्याविषयी आपण काय म्हणतो ते ऐका: परकी असून आपल्यापेक्षा मराठी झाली! हे वाक्य आपण कौतुक म्हणून उच्चारतो. हेच वाक्य एखाद्या जर्मन माणसाने आपल्या मुलीबद्दल उच्चारलं तर? तिथे डोळे भरून येतात आणि तेही आनंदाने नाही. आपल्याकडे आलेली विरघळली तर गौरव आणि आपल्याकडून गेलेली विरघळली तर शोक, अशा मापाला तत्त्व म्हणता येत नाही.

हे माप फक्त आपलंच होतं असंही नाही, आणि इथे युरोपालाही सोडायचं कारण नाही. 1913च्या जर्मन कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या जर्मन स्त्रीचं नागरिकत्व जात असे. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी घटना आली, स्त्री-पुरुष समान झाले, तरी जर्मन आई आणि परदेशी बाप अशा विवाहित जोडप्याच्या मुलाला आईकडून सरसकट नागरिकत्व मिळायला 1975 उजाडावं लागलं. त्याआधी, 1972 साली, परदेशी पुरुषांशी लग्न केलेल्या स्त्रियांनी फ्रँकफर्टमध्ये स्वतःची संघटना उभी केली होती, कारण नवऱ्याचा परवाना गेला की संसार उठवून त्याच्या देशात जा, एवढंच उत्तर त्यांना मिळत होतं. बाई नवऱ्याच्या मागून जाते, हे गृहीतक आमच्या तांदळाच्या ताटात होतं तसंच त्यांच्या कायद्याच्या पुस्तकात होतं. म्हणून मला हा वाद पूर्व आणि पश्चिमेचा वाटतच नाही.

संस्कृती टिकली पाहिजे, हे मलाही हवं आहे. पण ती टिकते कशाने? कोणाच्या तरी हातांनी. गणेश चतुर्थी जर्मनीत कामाचा दिवस असते. उकडीचे मोदक व्हायचे असतील तर कोणाला तरी रजा टाकावी लागते किंवा पहाटे उठावं लागतं. नारळ खवावा लागतो, उकड गरम असतानाच तेलाच्या बोटांनी मळावी लागते, नाहीतर पारी फाटते. तोंडाने 'परंपरा जप' म्हणायला काहीच लागत नाही. जपणारीची झोप लागते. आणि हे तिलाच का सांगायचं? तो कुठे असतो त्या पहाटे? आपल्याकडे जावयाला मान देण्याची रीत आहे, अधिकमासात वाण देण्याची रीत आहे, पण काम सांगण्याची रीत नाही, आणि परदेशी जावई असला की कौतुकाला भरतंच येतं. त्याने हाताने भात कालवला, झब्बा घातला, एकदा 'नमस्कार' म्हटलं, की सगळं मंडळ विरघळतं. तिने मात्र परीक्षा देऊन, वर्षानुवर्षं खपून त्याची भाषा घेतलेली असते. त्याला मराठी शिक म्हणून कोणत्या सासूने कधी आग्रह केला? माझ्या घरी हा आग्रह मी धरला. नवरा मराठी वाचतो, अडखळत बोलतो, 'ळ' त्याला अजून नीट जमत नाही. पण माझ्या आईशी फोनवर हवापाण्याच्या पुढचं बोलतो, आणि मोदकाच्या कळ्या तोच पाडतो, कारण त्याच्या बोटांना ते माझ्यापेक्षा चांगलं साधतं. त्यामुळे आमची मुलगी मराठीला आईची खासगी भाषा समजत नाही. ज्या घरात मराठी फक्त एकटी आई बोलते, तिथे मूल दहा वर्षांचं होईतो त्या भाषेत उत्तर देणं बंद करतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. तेव्हा भाषा बुडाली म्हणून त्या आईलाच दोष देतात आणि जावई जेवून हात धुतो.

आणखी एक आक्षेप मला वारंवार ऐकू येतो आणि तो सुशिक्षितांकडून येतो: अर्धंमुर्धं काय करता, एक काय ते ठरवा. ख्रिसमसचं झाड आणायचं तर दिवाळीचा किल्ला कशाला. चर्चमध्ये लग्न लागलं तर सत्यनारायण कशाला. पंडिता रमाबाईंना हेच ऐकून घ्यावं लागलं होतं. प्रांत आणि जात दोन्ही ओलांडून त्यांनी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं होतं. वैधव्यानंतर 1883 साली त्या इंग्लंडला वाँटेजच्या मठात गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इतकं मोठं पाऊल उचलणाऱ्या बाईने अंडं घातलेलं पुडिंग मात्र खायला नकार दिला, शाकाहार सोडला नाही, आणि क्रूसवर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द हवेत असा आग्रह धरला. त्यांच्यावर माया करणाऱ्या, त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनना तो जातीचा उरलेला अहंकार वाटला. इकडे पुण्यात त्याच रमाबाई धर्म बुडवलेली बाई म्हणून शिव्या खात होत्या. दोन्हीकडच्यांना पूर्ण बाई हवी होती, सगळी आमची नाहीतर सगळी त्यांची. रमाबाईंनी देव निवडला तो स्वतःच्या बुद्धीने आणि पुडिंग नाकारलं तेही स्वतःच्या बुद्धीने. चालीरीती गाठोडं बांधून येत नाहीत की उचललं तर सगळंच उचला. एकेक रीत हातात घेऊन, उलटसुलट पाहून, ठेवता येते किंवा टाकता येते. यात अप्रामाणिक काय आहे? न पाहता सगळंच घेणं किंवा सगळंच टाकणं, यातच खरं तर विचार कमी आहे.

निवडायचं कसं, याची सगळ्यात कठीण कसोटी बाळंतपणात लागते. आई नव्वद दिवसांच्या व्हिसावर येते, बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, खसखस. कान बांध, वारं लागू देऊ नकोस, शेक घे, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही. इकडे विम्याच्या खर्चाने घरी येणारी सुईण, पहिले दहा दिवस रोजसुद्धा येऊ शकते ती, खिडक्या उघडते आणि म्हणते, बाळाला घेऊन थोडं हवेत जाऊन ये. धुरी द्यायची तर झोपायच्या खोलीत धुराची सूचना देणारं यंत्र कायद्याने बसवलेलं. सासूला वाटतं, बाळ पहिल्या महिन्यांतच वेगळ्या खोलीत निजायला शिकलेलं बरं. आईला ते निर्दय वाटतं. अशा वेळी दोन संस्कृतींचा मान राखायचा म्हणून दोन्हींचा थोडा थोडा छळ त्या बाळंतिणीने सोसायचा का? मी तरी म्हणेन, टाके जिच्या अंगावर पडले आहेत तिला विचारा. लाडू तिला बरे वाटले तर लाडू, मोकळी हवा बरी वाटली तर हवा, आणि तेलाचं मालीश हवं असेल तर तेही. धुरीसारख्या आपल्या काही गोष्टी बाळाच्या छातीला चांगल्या नाहीत, त्या सोडाव्यात, कोणाची संस्कृती ती हे न पाहता सोडाव्यात. आणि इथली एक गोष्ट मुद्दाम घ्यावी: आईबाप दोघांनी पालकरजा घेतली, बापाने निदान दोन महिने, तर पालकभत्ता बाराऐवजी चौदा महिने मिळतो. ते दोन महिने जावयाने घेतले का, हा प्रश्न किती मराठी आईवडील विचारतात? मंगळसूत्राची चौकशी मात्र पहिल्याच फोनवर होते.

राहता राहिले ते जे म्हणतात, हा नवराबायकोचा खासगी मामला आहे, लेख कसले लिहिता. दोघं बरोबरीने बसून ठरवत असतील तर खरंच मधे पडू नये. पण जिचा परवाना त्याच्या सहीवर आहे, जिची पदवी इथे मान्य व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात आणि तोवर जिच्या हातात स्वतःचा पैसा नाही, ती दमून 'चालेल, तुमच्या पद्धतीने करू' म्हणते, त्याला मी निवड म्हणायला तयार नाही. तशीच ती आईच्या रडण्याला घाबरून गुपचूप व्रतं करते, तीही निवड नव्हे. म्हणून ठरवायचं ते लग्नाआधी, दोघांच्याही हातात नाही म्हणायची ताकद असताना, आणि नुसतं 'प्रेमाने होईल सगळं' असं नव्हे तर नेमकं. मुलाशी कोण कोणत्या भाषेत बोलणार. गणपतीला रजा कोण टाकणार आणि नाताळाला स्वयंपाक कोण करणार. तिच्या आईवडिलांना भेटायला दर वर्षी तिकिटाचे पैसे कुठून येणार. कोणाच्या आडनावाने घराच्या घंटीवर पाटी लागणार. दोन आडनावं लावता येतात, बऱ्याच घंट्यांवर असतात. अगदी शेवटचंसुद्धा बोलून ठेवावं, कारण इथल्या बहुतेक राज्यांत अस्थी घरी ठेवता येत नाहीत, कलश दफनभूमीतच ठेवावा लागतो, आणि त्या नदीला न्यायच्या असतील तर कागदपत्रं करावी लागतात. ज्या घरांत हे आधी बोललं गेलं नव्हतं तिथली भांडणं मी ऐकली आहेत.

मंडळांनी यात करण्यासारखं एक काम आहे. गणपतीच्या प्रसादाची यादी दर वर्षी फिरते, त्यात पंचवीस माणसांचा शिरा, पन्नास माणसांची मसालेभाताची भाजी चिरणं, पोळ्या, चटणी, आणि प्रत्येक ओळीपुढे बाईचं नाव असतं. जर्मन, डच, इटालियन जावई त्या दिवशी झब्बा घालून आरतीला टाळ्या वाजवतात आणि त्यांचे फोटो निघतात. पुढच्या भाद्रपदात ती यादी त्यांच्याकडे आधी पाठवा, मराठीत पाठवा, आणि त्यांनी नाव लिहिल्यावरच पुढे सरकवा.